गुरुवारची सुट्टी, रविवारचे मित्र

भोसरीतला गुरुवार कसा असतो, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. एमआयडीसीतली बरीच वर्कशॉप्स त्या दिवशी बंद असतात. एरवी सकाळी डबे अडकवून निघालेल्या टू-व्हीलरनी भरलेले रस्ते मोकळे असतात, सलूनमध्ये नंबर लागलेले असतात आणि लांडेवाडीपासून पीएमटी चौकापर्यंत कुठल्याही टपरीवर विशी-पंचविशीतली पोरं निवांत चहा पीत बसलेली दिसतात. तुम्हाला त्या दिवशी लेक्चर असतं, मुंबईतल्या ऑफिसांना काम असतं. आमच्याकडे मात्र तो रविवार असतो.

यामागचं कारण साधं आहे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद राहिले तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि बाकीच्या दिवशी ताण येणार. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. १९४८च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुट्टी रविवारी धरली होती, पण त्याऐवजी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतला एखादा दिवस द्यायची मुभा ठेवली होती. शनिवार, शुक्रवार, गुरुवार. म्हणजे आमचा वार त्या सवलतीच्या अगदी काठावर बसतो.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या मित्रांना भेटायला जाण्याबद्दल लिहायला बसलेली ही मुलगी कारखाने कायद्यात कशाला शिरली? सांगते. एक काम करा. तुमच्या दहावीच्या ग्रुपमधल्या चार जणांची नावं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तो सध्या कुठे राहतो ते लिहा. आणि तिसऱ्या रकान्यात त्याच्या सुट्टीचा वार लिहा. दुसऱ्या रकान्यामुळे मैत्री तुटत नाही, पुणे-मुंबई रेल्वेने जेमतेम १९२ किलोमीटर आहे. खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे.

आमचा कागद असा होता. आम्ही चौघं, भोसरीतल्या मराठी शाळेतला शेवटचा बाक. खरी नावं छापायची नाहीत असं तिघांनी बजावलंय, त्यामुळे टोपणनावांवर भागवा. कीपर, कारण तो गोलपोस्ट म्हणून ठेवलेल्या दोन दप्तरांच्या मधे उभा राहायचा. त्याने आयटीआयला टर्नर केलं, आता भोसरीतच एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर ऑपरेटर आहे. सुट्टी गुरुवार. मॉनिटर, जी नववीत मॉनिटर होती आणि अजून ते पद सोडायला तयार नाही. ती फोर्टमधल्या एका ऑफिसात अकाउंट्सला आहे, डोंबिवलीत पीजी म्हणून राहते. सुट्टी रविवार. बारक्या, ज्याची उंची आता सहा फुटांच्या जवळ आहे. तो ऐरोलीला कॉल सेंटरमध्ये, रात्रपाळी. सुट्टी रोस्टरवर, म्हणजे या आठवड्यात मंगळवार तर पुढच्या आठवड्यात कदाचित शनिवार. चौथी मी, इंटर्न. मला पान लागतं तो दिवस सोडून कधीही जमतं, पण माझ्या एकटीच्या जमण्याला कोण विचारतो?

चौघं एकत्र भेटून दोन वर्षं आणि चार महिने झाले होते. ग्रुपवर वाढदिवसाचे केक आणि फॉरवर्ड केलेले रील्स, बाकी शांतता. त्यातही बारक्या आठ महिने जवळपास गप्प होता. फोन केला की ‘बिझी आहे, करतो’ एवढंच. ‘तुझ्याकडे येऊ का?’ असं विचारलं की निळी टिक यायची, उत्तर यायचं नाही. कीपर म्हणायचा, ‘मुंबईचा झाला तो.’ मॉनिटरचं म्हणणं वेगळं होतं. ‘काहीतरी लपवतोय,’ ती म्हणायची. डोंबिवली आणि बारक्याची रूम असलेलं कळवा यांच्यामध्ये फक्त तीन स्टेशनं आहेत, कोपर, दिवा आणि मुंब्रा. तरी ती त्याला अकरा महिन्यांत भेटली नव्हती. ती संध्याकाळच्या लोकलने परत येते तेव्हा तो ड्युटीवर पोचलेला असतो, आणि तो सकाळी झोपायला येतो तेव्हा ती विरुद्ध दिशेच्या गाडीत उभी असते.

‘मग रविवारी भेटा की!’ हे सगळ्यात सोपं उत्तर. कीपरने रविवारी दांडी मारली तर एक दिवसाचा पगार जातोच, शिवाय महिन्याचा हजेरी बोनसही जातो. आणि मुंबईचा रविवार म्हणजे मेगाब्लॉक. बाहेरून येणाऱ्यांना हा शब्द फक्त ऐकून माहीत असतो. रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी रेल्वेला काही तास मार्ग मोकळा लागतो, आणि तो रविवारीच मिळतो. मध्य रेल्वेवर बहुतेक रविवारी सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चारच्या सुमारापर्यंत कुठला ना कुठला पट्टा ब्लॉकमध्ये असतो. कधी माटुंगा ते मुलुंड, कधी हार्बरवर पनवेल ते वाशी. पश्चिम रेल्वेवाले त्यालाच जम्बो ब्लॉक म्हणतात. फास्ट गाड्या स्लो मार्गावर जातात, काही रद्द होतात, उरलेल्या तुडुंब. दुरुस्ती हवीच, त्यावर वाद नाही. पण ज्या एका दिवशी शहरातल्या माणसांना एकमेकांकडे जायला वेळ असतो, नेमका तोच दिवस रुळांच्या वाट्याला येतो, हे मला अजून पचलेलं नाही.

हा रविवारसुद्धा आयता मिळालेला नाही, हे मला पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात कळलं. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगारांना आठवड्याची सुट्टीच नव्हती. ठाण्याचे नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हा त्यांचा एक मुद्दा होता. तरुण लोखंडे काही काळ रेल्वेत नोकरीला होते, हे वाचून मला उगाच बरं वाटलं.

असो. तोडगा कीपरने काढला. एका रात्री पाळीवरून आल्यावर त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘त्यांना गाडीतून उतरायला वेळ नाही ना? मग आपण त्यांच्या गाडीत बसू.’

ही कल्पना तुम्ही कुठल्याही शहरात वापरू शकता. मोठ्या शहरातल्या मित्राकडे रिकामी संध्याकाळ नसते, पण प्रवास असतो. रोजचा, ठरलेल्या वेळेचा, आणि बहुतेक वेळा एकट्याचा. तो वेळ त्याला कामातून काढावा लागत नाही. तुम्ही फक्त त्याच्या डब्यात चढायचं.

मग गेल्या महिन्यातला एक गुरुवार ठरला. भोसरीला रेल्वे स्टेशन नाही, हे बाहेरच्यांना पटत नाही. मार्च २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा एका स्टेशनाला भोसरीचं नाव मिळालं, पण ते आहे नाशिक फाट्यावर, गावापासून चांगलं लांब. त्याच्या जवळचं रेल्वे स्टेशन कासारवाडी, तिथे पुणे-लोणावळा लोकल थांबते. मुंबईला जायचं तर आम्ही पिंपरी किंवा चिंचवड गाठतो. सिंहगड एक्स्प्रेस पुण्याहून सहा वाजून पाच मिनिटांनी सुटते आणि साडेसहाच्या सुमाराला चिंचवडला येते. तोवर जनरल डब्यात बसायला जागा उरली असेल, अशी आशा ठेवू नका. कीपर आदल्या रात्रीची पाळी करून आला होता, तो लोणावळ्यापर्यंत उभ्यानेच झोपला. घाटाचं वर्णन मी करणार नाही, ते तुमच्या सगळ्यांच्या स्टोरीवर आहे.

मुंबईत मित्र शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘मुंबईत राहतो’ या वाक्याला काही अर्थ नाही. माणूस मुंबईत राहत नाही, तो एका रेल्वे लाइनवर राहतो. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते पनवेल ४९. म्हणजे विरारचा मित्र आणि पनवेलची मैत्रीण दोघंही ‘मुंबईत’ असले तरी एकमेकांकडे जायला त्यांना जितका वेळ लागतो, तेवढ्यात आपण चिंचवडहून लोणावळ्याला जाऊन भजी खाऊन परत येऊ. त्यामुळे आधी लाइन विचारा, मग स्टेशन, मग स्लो की फास्ट. दादरला भेटायचं ठरलं तर प्लॅटफॉर्मचा नंबर विचारा. पूर्वी तिथे पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेंचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. दोन मित्र ‘मी एक नंबरवर उभा आहे’ असं फोनवर एकमेकांना ओरडून सांगायचे आणि दोघंही खरं बोलत असायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मना आठपासून पुढचे नंबर दिले गेले, तेव्हा हा घोळ मिटला.

मॉनिटरने आम्हाला एक अट घातली होती. सकाळच्या लोकलमध्ये यायचं नाही. ‘साडेआठला डोंबिवलीत चढणं हा पाहुण्यांचा खेळ नाही,’ ती म्हणाली. ती रोज त्या गाडीत कशी चढते, हे तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याऐवजी तिने अर्धा दिवस रजा टाकली. तोवर आम्ही सीएसएमटीला पोचून बाहेर रस्त्यावरून इमारत बघत उभे. कीपरने दगडातले मोर, माकडं, पानं-फुलं बराच वेळ बघितली आणि विचारलं, ‘हे कुठल्या मशीनवर काढलं असेल?’ मी सांगितलं, मशीन नाही, जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांचा या नक्षीत हात आहे. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला, ‘टॉलरन्स भारी आहे राव.’ उरलेला वेळ आझाद मैदानाच्या कडेला बसून अनोळखी पोरांचं क्रिकेट बघण्यात गेला.

दीडच्या सुमाराला मॉनिटर आली. ऑफिसचं आयकार्ड गळ्यात, डबा पिशवीत. मिठी वगैरे काही नाही. ती आधी म्हणाली, ‘तिकीट काढलंत का? दाखवा.’ पद अजून सुटलेलं नाही, म्हणाले ना मी.

मग आम्ही मुंबईकर कधीच करत नाहीत ते केलं. समोर फास्ट उभी असताना ती सोडली आणि ठाण्याची स्लो पकडली. सीएसएमटी ते ठाणे ३४ किलोमीटर, प्रत्येक स्टेशनवर थांबत साधारण तासाभराचा प्रवास. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी याच बोरीबंदर-ठाणे मार्गावर धावली होती. दुपारी दोनला ही लोकल रिकामी असते. तिघांना मिळून दोन खिडक्या मिळाल्या. वारा, उन्हाचे पट्टे, शेंगदाणे आणि एक तास. कुठल्याही कॅफेत एवढा वेळ आणि एवढी जागा विकत घ्यायला गेलात तर बिल बघून रडाल.

त्या तासाभरात मॉनिटरने आम्हाला तिची दुसरी टोळी सांगितली. लेडीज डब्यातली. रोज त्याच गाडीला, त्याच दरवाज्याला चढणाऱ्या सात-आठ जणी. त्यातल्या तिघी चाळिशीच्या पुढच्या. संध्याकाळी परतताना त्या घरची भाजी निवडतात, मटार सोलतात, दसऱ्याला डब्याला हार लावतात, एकमेकींच्या मुलांच्या परीक्षांच्या तारखा पाठ ठेवतात. तीन जणांच्या बाकावर चौथी बसते, तिला ‘फोर्थ सीट’ म्हणतात. पहिले दोन महिने मॉनिटर उभी असायची. मग एके दिवशी एका काकूंनी सरकून तिला फोर्थ सीट दिली. ‘त्या दिवशी मला वाटलं, आता इथे राहता येईल,’ ती म्हणाली. मार्चमध्ये तिला कावीळ झाली होती. पीजीत डबा कुणी पोचवला? याच काकूंनी. आम्हाला ग्रुपवर तिने फक्त ‘थोडं बरं नाही’ एवढं लिहिलं होतं, आणि कीपरने त्याला थम्ब्स-अप दिला होता.

कीपर बराच वेळ बाहेर बघत होता. भांडुप गेल्यावर म्हणाला, ‘सांगायचं ना. मी आलो असतो.’

‘कधी?’ मॉनिटर म्हणाली. ‘गुरुवारी?’

तिने ते हसत विचारलं, पण मुलुंड येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. एक कबूल करायला हवं, मला त्या काकूंचा थोडा हेवा वाटला. आपल्या मैत्रिणीची कावीळ आपल्याला सहा महिन्यांनी कळावी आणि लोकलमधल्या बायकांना त्याच दिवशी, हे ऐकायला गोड वाटत नाही. पण तुमच्या शहराबाहेर गेलेल्या मैत्रिणीची अशी कुणीतरी टोळी आहे का, हे जरूर विचारा. असेल तर तुम्हाला झोप नीट लागेल.

ठाण्याला बारक्या येणार होता. ‘येतो, पण दहा मिनिटं,’ असा मेसेज होता. ट्रान्सहार्बरचा प्लॅटफॉर्म त्यानेच सांगितला होता. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या तिथून सुटतात. ठाणे, मग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं दिघा गाव, मग ऐरोली. त्याचा रोजचा प्रवास एवढाच, जेमतेम दहा मिनिटांचा. म्हणजे त्याच्या गाडीत बसून भेटायचं तर आठ महिन्यांचा हिशेब दहा मिनिटांत उरकायचा होता.

पाचला तो जिन्यावरून उतरला. बारीक झालेला, डोळे नुकतेच झोपेतून उठल्यासारखे, कारण तो खरंच नुकता उठला होता. कीपरने लांबूनच हाक मारली, ‘ए बारक्या, इकडे रे लांबड्या!’ प्लॅटफॉर्मवरच्या निम्म्या लोकांनी वळून बघितलं. बारक्या आला, उभा राहिला, हसला. गाडी लागलेलीच होती. तो म्हणाला, ‘चला, बसू.’ मग इंडिकेटरकडे बघून म्हणाला, ‘थांबा, पुढची घेऊ.’

मुंबईत कुणाचं तुमच्यावर किती प्रेम आहे हे मोजायचं असेल, तर त्याने तुमच्यासाठी किती लोकल सोडल्या ते मोजा. पहिली गाडी गेली तेव्हा आम्ही शाळेतल्या पीटीच्या सरांवर बोलत होतो. दुसरी गेली तेव्हा कीपरच्या पगारावर. दुसरी आणि तिसरीच्या मधे बारक्याने स्वतःहून सांगितलं.

त्याच्या खोलीत चार पलंग आहेत आणि आठ जण राहतात. चार दिवसपाळीचे, चार रात्रपाळीचे. रात्रपाळीवाले सकाळी येतात तेव्हा दिवसपाळीवाले उठून जातात, आणि पलंग तोच, कधीकधी चादरही तीच. त्याचा पलंगावरचा हक्क सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार. सुट्टीच्या दिवशी रात्री तो कुठे झोपतो? ‘गॅलरीत. पाऊस असला की मित्राच्या कंपनीतल्या रेस्टरूममध्ये.’ आम्ही ‘तुझ्याकडे येऊ का’ विचारायचो, तेव्हा तो उत्तर देत नव्हता, कारण त्याच्याकडे ‘माझ्याकडे’ असं काही नव्हतं. ‘तुम्ही आला असता तर बसवलं कुठे असतं? दुसऱ्याच्या झोपेच्या टायमात?’ एवढं बोलून तो प्लॅटफॉर्मवरच्या पंख्याकडे बघत राहिला.

मॉनिटर चिडली. ‘अरे, आम्ही बसायला येत होतो का? तुला बघायला येत होतो.’

मला तिथेच पप्पा आठवले. ते नव्वदच्या दशकात लातूर जिल्ह्यातून भोसरीत आले तेव्हा गावाकडच्या पाच जणांनी मिळून एक खोली घेतली होती. पथाऱ्या तीन. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा आडवा. गावाहून दोस्त भेटायला आला की पप्पा त्याला खोलीवर न्यायचे नाहीत, कंपनीच्या गेटवर बोलवायचे आणि चहाच्या सुट्टीत उभ्या-उभ्या बोलायचे. हे ते आता हसत सांगतात. त्याच्याही आधी परळ-लालबागच्या गिरणगावात हेच होतं. चाळीतल्या एकेका खोलीत वीस-वीस गाववाले, पाळीप्रमाणे झोपणारे. जेवण खानावळवाल्या बायकांकडे. त्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले. पलंग पाळीने वापरायची पद्धत मात्र कळव्यापर्यंत सरकली, आणि आता तिचं नाव ‘शेअरिंग’ आहे. हे सगळं मी बारक्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे काकांनी पण केलंय?’ ‘पाच वर्षं,’ मी म्हटलं. तो जरा सैल झाला. निदान मला तसं वाटलं.

तिसरी गाडीही गेली. कीपरने खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. पितळेचा भोवरा. राउंड बारचा उरलेला तुकडा घेऊन, मालकाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढलेला. जाळी नको, चिमटीत धरून फिरवायचा. बारक्याने तो प्लॅटफॉर्मच्या बाकावर फिरवला. शेजारी बसलेल्या आजोबांनी पाय वर घेतले. भोवरा बाकाच्या फटीपर्यंत जाऊन थरथरला, पण पडला नाही. मॉनिटरने मोबाईलवर वेळ लावली होती, तिच्या म्हणण्याप्रमाणे एक मिनिट अठरा सेकंद. कीपरचं म्हणणं, दीड. या वादात चौथी गाडी आली आणि या वेळी बारक्याला जावंच लागलं. आम्ही तिघंही चढलो. दिघा गाव, ऐरोली. गेटपर्यंत पोचवलं, तो मागे न बघता पळाला, कारण लॉग-इनला उशीर झाला की पैसे कापतात. आम्ही उलट्या गाडीने परत ठाण्याला. मॉनिटर डोंबिवलीकडे गेली. साडेसहाच्या सुमाराला ठाण्याला सिंहगड येते, ती आम्ही पळत पकडली. जागा अर्थातच नव्हती.

तुमचे मित्र मुंबईपेक्षा लांब असतील तर तुमच्यासाठी रेल्वेचा एक नियम आहे, जो काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तिकीट ५०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं असेल तर मधल्या स्टेशनवर उतरून, दोन दिवसांपर्यंत थांबून, त्याच तिकिटावर पुढे जाता येतं. पहिला थांबा मात्र ५०० किलोमीटर पार केल्यानंतरच. एक हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर असा एक थांबा, त्याहून लांबच्या तिकिटावर दोन. उदाहरणार्थ, पुण्याहून हावड्याला निघालात तर नागपूरला उतरून मैत्रिणीकडे सावजी खाऊन पुढे जाऊ शकता. उतरल्यावर तिकिटावर स्टेशनातून तशी नोंद करून घ्यायची. आरक्षण असेल तर पुढच्या टप्प्याची सीट आधीच काउंटरवर विचारून ठरवायची. राजधानी-शताब्दीला हे चालत नाही. पुणे-मुंबईला तर नाहीच, १९२ किलोमीटरमध्ये कुठला थांबा!

म्हणून आमच्यापुरता दुसरा मार्ग निघालाय, कर्जत. मुंबईची लोकल तिथपर्यंत येते, सीएसएमटीपासून साधारण १०० किलोमीटर. आणि आपल्याकडून घाट उतरला की कर्जतच. म्हणजे जवळजवळ मध्यावर. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला तिथे जादा इंजिनं लागतात, त्यामुळे गाड्या थांबतात आणि बटाटेवडे विकले जातात. कुणालाच कुणाच्या खोलीवर जायला नको आणि कुणाला कुणाला बसवायलाही नको. प्लॅटफॉर्मवर बाक आहेत.

अडचण अजून तीच, तिसऱ्या रकान्याची. कीपरचा गुरुवार हलत नाही. मॉनिटरच्या अजून तीन रजा शिल्लक आहेत, त्यातली एक ती द्यायला तयार आहे. बारक्याचा पुढच्या महिन्याचा रोस्टर २५ तारखेला लागतो. त्याने टीम लीडरकडे एका गुरुवारची सुट्टी मागितली आहे, कारणाच्या रकान्यात ‘फॅमिली फंक्शन’ लिहून. काल रात्री अडीच वाजता त्याचा ग्रुपवर मेसेज आला. ब्रेकमध्ये कॅन्टीनच्या टेबलावर भोवरा फिरवून बघितला, म्हणे. दोन मिनिटं चार सेकंद. कीपरला ते मान्य नाही. व्हिडिओ पाठव, म्हणतोय.